स्ट्रोक आणि कनेक्टिंग रॉड : मोटारसायकलचे इंजिन उघडण्यापूर्वी समजून घ्यावयाचे गणित

ग्रामीण भागात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुधाचे कॅन, खताची पिशवी, पाठीवरचा फवारणी पंप, बाजारचा भाजीपाला असा सर्व भार ती वाहते. साहजिकच केव्हा ना केव्हा तिचे इंजिन उघडावे लागते. अशा वेळी बोअर मारावा की नवीन सिलिंडर टाकावा, रॉड किट बदलावे की आहे तेच ठेवावे, असे निर्णय मालकाला उभ्या उभ्या घ्यावे लागतात. अलीकडे त्यात आणखी एका पर्यायाची भर पडली आहे, ती म्हणजे स्ट्रोक वाढवून घेणे.

मागील रब्बी हंगामापूर्वी एका मेळाव्यात हरभऱ्याच्या पाणी व्यवस्थापनावर माझे व्याख्यान होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी एक तरुण शेतकरी उठला आणि म्हणाला, "सर, विषय वेगळा आहे, पण विचारतो. गाडीचा स्ट्रोक चार मिलिमीटर वाढवून देतो म्हणतात. बारा हजार सांगितलेत. करावे का?" सभेत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. विद्यार्थी असताना हाच प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता आणि त्याची किंमत मोजली होती. त्या दिवशी वेळेअभावी दिलेले उत्तर अपुरे होते. ते येथे सविस्तर देत आहे. मी कृषिविद्येचा प्राध्यापक आहे, यंत्र अभियंता नाही. परंतु या प्रश्नाचा बराचसा भाग शाळेतील भूमितीनेच सुटतो.

स्ट्रोक कशावर ठरतो?

पिस्टन सिलिंडरमध्ये सर्वांत वरच्या टोकापासून सर्वांत खालच्या टोकापर्यंत जेवढा सरकतो, त्या अंतरास स्ट्रोक म्हणतात. क्रँकशाफ्टच्या मध्यापासून क्रँक पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर ही क्रँकची त्रिज्या होय. सिलिंडरची मध्यरेषा क्रँकच्या मध्यातून जात असेल, तर स्ट्रोक या त्रिज्येच्या दुप्पट असतो. यात कनेक्टिंग रॉडच्या लांबीचा काहीही संबंध नाही. "लांब रॉड टाकला की स्ट्रोक वाढतो" हा समज गॅरेजमध्येही ऐकू येतो, पण तो चुकीचा आहे. रहाटाच्या पोहऱ्याला दोन हात दोर जास्त बांधला म्हणून रहाटाच्या एका फेऱ्यात पोहरा जास्त चढत नाही. तो फक्त खालच्या पातळीवर लोंबतो. रॉडचेही तसेच आहे. रॉड लांब केला तर पिस्टनची सर्व हालचाल तेवढीच राहून वर सरकते, इतकेच.

इंजिनाची क्षमता म्हणजे सी.सी. ही बोअर आणि स्ट्रोक या दोनच मापांवर ठरते. ३५० बुलेटच्या जुन्या इंजिनाचा बोअर ७० मि.मी. व स्ट्रोक ९० मि.मी. आहे. त्याचा गुणाकार ३४६ सी.सी. येतो. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सी.डी. १०० चा बोअर ५० व स्ट्रोक ४९.५ मि.मी., म्हणजे ९७ सी.सी. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या व २०१३ साली बाजारात आलेल्या के.टी.एम. ३९० ड्यूकचा बोअर ८९ व स्ट्रोक फक्त ६० मि.मी. होता, तरी क्षमता ३७३ सी.सी. भरली. बुलेटचे इंजिन उंच व बारीक, ड्यूकचे ठेंगणे व रुंद, असे म्हणता येईल.

एक बेरीज, तीन आकडे

क्रँकच्या मध्यापासून सिलिंडरच्या वरच्या कडेपर्यंतची उंची इंजिन बनवितानाच ठरलेली असते. या उंचीत तीन गोष्टी बसवायच्या असतात : क्रँकची त्रिज्या, रॉडची लांबी आणि पिस्टन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. रॉडची लांबी म्हणजे त्याच्या दोन्ही भोकांच्या मध्यांमधील अंतर, टोकापासून टोकापर्यंतचे नव्हे.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. स्ट्रोक ५० मि.मी. आहे, म्हणजे त्रिज्या २५. रॉड १०० मि.मी. आणि पिनपासून माथ्यापर्यंत ३० मि.मी. बेरीज १५५ मि.मी. पिस्टन वर आला की त्याचा माथा सिलिंडरच्या कडेशी बरोबर येतो. आता क्रँक पिनचे भोक २ मि.मी. बाहेर सरकवून स्ट्रोक ५४ मि.मी. केला. त्रिज्या २७ झाली व बेरीज १५७ वर गेली. म्हणजे पिस्टन सिलिंडरच्या बाहेर २ मि.मी. डोकावणार. पुष्कळ इंजिनांत पिस्टन व हेड यांच्यामध्ये एक-दीड मिलिमीटरच जागा असते. चार-स्ट्रोक इंजिनात तर व्हॉल्व्हही तेथेच उघडतात.

हे दोन मिलिमीटर कोठे तरी जिरवावेच लागतात. त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, सिलिंडरखाली २ मि.मी. जाडीची पट्टी बसविणे. हा स्वस्त व म्हणून सर्वांत लोकप्रिय मार्ग. परंतु चार-स्ट्रोक इंजिनात त्यामुळे टायमिंग चेन ताणली जाते आणि व्हॉल्व्हचे टायमिंग थोडे हलते. ज्या इंजिनात पुशरॉड आहेत तेथे ते तोकडे पडतात. दुसरा मार्ग, ज्या पिस्टनची पिन माथ्याच्या २ मि.मी. अधिक जवळ आहे असा पिस्टन शोधणे. माझ्या मते हा सर्वांत बरा, पण तसा पिस्टन मिळणे अवघड, आणि रिंगांच्या खाचा व पिन यांमध्ये पुरेशी जागा उरली पाहिजे. तिसरा मार्ग, २ मि.मी. आखूड रॉड वापरणे. त्याचे परिणाम पुढे पाहू.

एवढे करूनही एक बाजू राहते. पिस्टन वर जसा दोन मिलिमीटर जास्त जातो, तसाच खालीही जातो. तेथे त्याच्या घेराची खालची कडा क्रँकच्या चाकांना घासणार नाही ना, हे कोणी पाहत नाही.

माझ्या गाडीचे काय झाले

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना माझ्याकडे १०० सी.सी.ची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. वडिलांनी कापसाच्या पैशातून ती घेऊन दिली होती. एका कारागिराने स्ट्रोक चार मिलिमीटर वाढवून खाली दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियम पट्टी घातली. पट्टी घातल्यामुळे हेडची अडचण सुटली होती, म्हणून मीही निश्चिंत झालो.

टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या पिस्टन स्वतःच उघडतो व झाकतो. वर घेतलेल्या आकड्यांनीच हिशेब केला, तर जी धुराची खिडकी पूर्वी क्रँक ९० अंश फिरल्यावर उघडत असे, ती स्ट्रोक ५४ झाल्यावर सुमारे ८५ अंशांवरच उघडते. बंदही तितकीच उशिरा होते. म्हणजे खिडकी एकूण दहा अंश जास्त काळ उघडी राहते. परिणाम असा झाला की मोकळ्या रस्त्यावर गाडी वरच्या फेऱ्यांत चांगली पळू लागली आणि मातीच्या नमुन्यांची पोती मागे बांधून चढ चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम टाकू लागली. पेट्रोलही जास्त लागे. मला हवे होते त्याच्या हे उलट होते. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी खडखड आवाज येऊन इंजिन जाम झाले. उघडल्यावर पिस्टनचा खालचा भाग फुटलेला व क्रँकच्या चाकावर घासल्याची चकचकीत रेघ दिसली. तुकड्यांनी सिलिंडरही ओरबाडला होता. कारागिराला मी दोष देत नाही. त्याने वरचे दोन मिलिमीटर मोजले होते. खालचे दोन त्याने मोजले नाहीत आणि मीही विचारले नाहीत. वडिलांना मात्र "बेअरिंग गेले" एवढेच सांगितले.

रॉडच्या लांबीने काय बदलते?

आता रॉडकडे वळू. हे समजण्यासाठी पंपसेटचे इंजिन सोयीचे आहे, कारण ते मोठे असते व हाताने सावकाश फिरविता येते. किर्लोस्कर टी.व्ही. १ हे पाच अश्वशक्तीच्या पुढचे डिझेल इंजिन पुष्कळ कृषी व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आहे. त्याचा बोअर ८७.५ मि.मी., स्ट्रोक ११० मि.मी. आणि रॉड २३४ मि.मी. म्हणजे रॉड स्ट्रोकच्या सव्वादोनपट नव्हे, पण दुपटीहून थोडा जास्त आहे.

हेड उतरविलेले असताना पिस्टन अगदी वर आणून फ्लायव्हीलवर खूण करावी व चाक बरोबर पाव फेरा फिरवावे. पिस्टन निम्मा, म्हणजे ५५ मि.मी. उतरेल असे वाटते. प्रत्यक्षात तो साडेएकसष्ट मिलिमीटर उतरलेला आढळतो. हे साडेसहा मिलिमीटर रॉड कलल्यामुळे आले. भिंतीला टेकविलेल्या शिडीचा पाय बाहेर ओढला की तिचे वरचे टोक खाली येते, तोच हा प्रकार. २३४ ची शिडी, पाय ५५ ने बाहेर, म्हणून उंची २२७.४ उरली. याचाच दुसरा अर्थ असा की वरचा अर्धा स्ट्रोक पिस्टन घाईने, सुमारे १६६ अंशांत पार करतो आणि खालच्या अर्ध्यासाठी १९४ अंश घेतो. रॉड जितका लांब तितका हा फरक कमी.

लांब रॉडमुळे पिस्टन वरच्या टोकाशी जास्त वेळ थांबतो व त्यामुळे ताकद वाढते, असे मोटारसायकलप्रेमी मोठ्या उत्साहाने सांगतात. पहिला भाग खरा आहे. पण किती? ५० मि.मी. स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक वरच्या टोकापासून २० अंश पुढे गेली असता ९० मि.मी. रॉड असेल तर पिस्टन १.९१ मि.मी. उतरतो आणि ११० मि.मी. रॉड असेल तर १.८४ मि.मी. उतरतो. रॉड वीस मिलिमीटरने बदलूनही फरक पडला ०.०७ मि.मी., म्हणजे केसाच्या जाडीएवढा! एवढ्यासाठी बारा हजार रुपये खर्च करणे मला तरी पटत नाही.

फरक दिसतो तो दुसरीकडे, सिलिंडरच्या भिंतीवर. नांगराचे इसाड, ज्याला काही भागात हाळीस म्हणतात, ते आखूड असेल तर बैलांची ओढ जास्त तिरपी होते. ओढीचा काही भाग नांगर पुढे नेण्यात आणि काही भाग तो वर उचलण्यात जातो. कलत्या रॉडवर पिस्टनचा दाब येतो तेव्हा असेच होते. दाबाचा काही भाग क्रँक फिरविण्यास जातो आणि काही भाग पिस्टनला सिलिंडरच्या एका बाजूवर रेटतो. वरच्याच उदाहरणात ११० च्या रॉडचा जास्तीत जास्त कल सुमारे १३ अंश येतो, तर ९० च्या रॉडचा १६ अंश. ऐकायला तीनच अंश, पण बाजूचा रेटा जवळजवळ पावपट वाढतो. जीर्ण सिलिंडर बोअर गेजने मोजला तर क्रँकशाफ्टच्या लांबीच्या दिशेपेक्षा तिच्या काटकोनातील दिशेने तो जास्त झिजलेला सापडतो, त्याचे मुख्य कारण हा रेटा आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर जो टक-टक आवाज येतो व इंजिन तापल्यावर कमी होतो, तोही बहुधा सैल झालेला पिस्टन याच भिंतीवर आपटल्याचा असतो.

म्हणून आखूड रॉडचा तिसरा मार्ग शक्यतो टाळावा. उलट बाजूने, रॉड वाटेल तितका लांब करणेही हिताचे नाही. इंजिनाची उंची व वजन वाढते आणि रॉडही जड होतो. मोटारसायकलच्या चौकटीत जागा मोजकीच असते. त्यामुळे बहुतेक मोटारसायकलींत रॉड स्ट्रोकच्या दुपटीच्या आसपास ठेवलेला असतो. ही तडजोड कारखान्याने विचार करूनच केलेली आहे.

ओढ आणि वेग

लांब स्ट्रोकच्या गाडीला ओढ जास्त, हे आपण सर्वजण मानतो. क्रँकचा हात लांब म्हणून तरफ मोठी, असे त्याचे कारण सांगितले जाते. परंतु क्षमता तेवढीच ठेवून स्ट्रोक वाढविला तर पिस्टन बारीक करावा लागतो. मग दाब तोच असला तरी त्यावर पडणारे बळ कमी होते आणि लांब हाताचा फायदा तेथेच संपतो. बुलेटची ओढ आहे ती ३४६ सी.सी. क्षमतेची, जड फ्लायव्हीलची आणि कमी फेऱ्यांना सोयीच्या व्हॉल्व्ह टायमिंगची. नुसता स्ट्रोक वाढवून १०० सी.सी.च्या गाडीला ती येणार नाही. ४९.५ चा स्ट्रोक ५३.५ केला तर ९७ चे १०५ सी.सी. होतात. वाढ आठ टक्के.

लांब स्ट्रोकची खरी मर्यादा वेगात आहे. दर फेऱ्याला पिस्टन स्ट्रोकच्या दुप्पट अंतर धावतो. टी.व्ही. १ पंपसेट मिनिटाला १५०० फेरे घेतो, तेव्हा त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेपाच मीटर असतो. ९० मि.मी. स्ट्रोकची बुलेट ५००० फेऱ्यांवर असताना हा वेग १५ मीटर होतो. ६० मि.मी.चा ड्यूक ९००० फेरे घेतो तेव्हा कोठे १८ मीटरवर जातो. पंपसेटची इंजिने वर्षानुवर्षे चालतात त्यामागे हा सावकाशपणाही आहे.

पिस्टनला दर फेऱ्यात दोनदा थांबून उलटे फिरावे लागते. त्याला ओढून परत आणण्याचे काम रॉडचे. ९० मि.मी. स्ट्रोक, त्याच्या दुप्पट रॉड आणि पिस्टन, पिन व रिंगा मिळून ४०० ग्रॅम वजन धरले, तर ५००० फेऱ्यांवर वरच्या टोकाला रॉडवर सुमारे ६३० किलोची ओढ पडते. फेरे ६००० केले की तीच ओढ ९०० किलोवर जाते, म्हणजे जवळजवळ एका खिलार बैलजोडीच्या वजनाएवढी, आणि तीही ४०० ग्रॅमच्या वस्तूमुळे! फेरे वाढतात त्यापेक्षा ताण जास्त झपाट्याने वाढतो, तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. स्वस्तातील, शिक्का नसलेला रॉड का घेऊ नये, याचे उत्तर येथे आहे.

इंजिन बंद करण्यापूर्वी

रॉड किट बदलताना जुना व नवा रॉड शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजावेत. दोन्ही भोकांच्या समोरासमोरच्या आतील कडांमधील अंतर घेऊन त्यात दोन्ही भोकांचे निम्मे-निम्मे व्यास मिळवावेत, म्हणजे मध्य ते मध्य लांबी मिळते. "याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा आहे, चालतो" असे सांगितले जाते तेव्हा तर हे अवश्य करावे. एक मिलिमीटरचा फरकही महाग पडतो. बहुतेक लहान मोटारसायकलींची क्रँक दाबून बसविलेली असते. पिन काढून पुन्हा बसविल्यावर ती डायल गेजवर सरळ केली आहे का, ते स्वतः उभे राहून पाहावे. पिनचे भोक सरकवून घेतले असेल, तर चाकाच्या कडेला धातू किती उरला हेही पाहावे.

हेड बसविण्यापूर्वी पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातील प्लॅस्टिसिन मातीचे पातळ थर द्यावेत. व्हॉल्व्ह येतात तेथे विशेषतः द्यावेत. हेड गास्केटसह आवळून, टायमिंग लावून, प्लग काढून इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही अडले तर जोर करू नये. पुन्हा हेड काढून माती जेथे सर्वांत पातळ दबली आहे तेथे जाडी मोजावी. टू-स्ट्रोकमध्ये प्लगच्या भोकातून सोल्डरची तार कडेपर्यंत घालूनही हे मोजता येते. डिझेल पंपसेटमध्ये शिशाची तार वापरतात. दबलेल्या तारेची जाडी कंपनीच्या पुस्तिकेतील मापाशी जुळेपर्यंत सिलिंडरखालील पॅकिंग कमी-जास्त केले जाते. पंपसेटच्या बाबतीत आपले मेकॅनिक हे काम बिनचूक करतात. तीच शिस्त मोटारसायकलला का लावत नाहीत, हे मला समजलेले नाही. शेवटी पिस्टन अगदी खाली आणून त्याची कडा व क्रँकची चाके यांमधील फट टॉर्च लावून पाहावी. मी पाहिली नव्हती ती हीच.

आणखी एक बाब. स्ट्रोक किंवा बोअर बदलून क्षमता बदलली, तर ती नोंदणी प्रमाणपत्रातील सी.सी.शी जुळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार असे फेरफार परस्पर करता येत नाहीत. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही त्यावरून वाद होऊ शकतो. झीज झाल्यामुळे कंपनीचाच ओव्हरसाइज पिस्टन टाकून बोअर मारणे ही मात्र नेहमीची दुरुस्ती आहे.

त्या तरुण शेतकऱ्याचा नंतर फोन आला होता. त्याने बोअर मारून, मूळ लांबीचे रॉड किट टाकून, क्रँक सरळ करून घेतली. मेकॅनिककडे प्लॅस्टिसिन मागितली तेव्हा तो हसला, पण मुलाच्या दप्तरातून काढून दिली. माती सर्वांत पातळ जेथे दबली होती तेथे १.४ मि.मी. भरली. हा आकडा त्याने गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत तारखेसह लिहून ठेवला आहे.